नहपानाचं नाक

जुन्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "याचं कार्बन डेटिंग केलंय का हो?" हा प्रश्न हमखास येतो. कार्बन-14 चालतं ते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना: लाकूड, हाड, धान्य. चांदीला नाही. पण काचेखालच्या त्या नाण्याला त्याची गरजही नव्हती. एक राजघराणं गेलं आणि दुसरं आलं, हे त्याच्या अंगावरच उमटलं होतं.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला 13,000हून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी मुळात क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याची. सातवाहनांकडून नाशिक, कार्ले, जुन्नरचा घाटमाथा आणि खालची बंदरं हिसकावून घेणारा हाच. नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकली: तीन कमानींचा चैत्य आणि उज्जैन चिन्ह (टोकांना गोल असलेली फुली).

आता गंमत बघा. चांदी वितळवायची तर 962 अंश सेल्सिअस लागतात, शिवाय ओतायचं, कापायचं, एकेक तुकडा तोलायचा. त्यापेक्षा शत्रूचं नाणं म्हणजे सुमारे दोन ग्रॅमचा तयार, तोललेला तुकडा. ते दोन ठशांमध्ये ठेवायचं आणि वरून घाव घालायचा. ठशाचा सपाट भाग टेकतो तिथे जुनी नक्षी चेपली जाते. ठशातल्या खोलगट रेघांमध्ये मात्र धातू खालून वर सरकत भरावा लागतो. तो पुरता पोचला नाही, तर तिथली जुनी नक्षी न दबता शाबूत राहते. त्यात चांदी पहिल्या घावानेच कडक झालेली असते. तिच्या स्फटिकांतले अणूंचे थर घसरताना जे दोष तयार होतात, ते एकमेकांत अडकतात आणि पुढची घसरण रोखतात. सोनार मधूनमधून ताव देतात तो यासाठीच. तापवलं की गुंता नसलेले नवे स्फटिक वाढतात. ताव कमी पडला किंवा घाव तिरका बसला, की चैत्याच्या कमानीआडून नहपानाचं नाक डोकावतं.

वरची छाप नंतरची, खालची आधीची. एवढ्या साध्या नियमावर दोन राजांचा क्रम पक्का होतो. (जुनं नाणं तांदूळ ओढतं म्हणून लाखो रुपयांना विकणाऱ्यांना मात्र यातलं काहीच नको असतं. चांदी तांदूळ ओढत नाही. ओढले जातात ते गिऱ्हाइकाचे पैसे.)

याच घटनेचा लेखी पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा संबंध शून्य. तिथे गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हणते, म्हणजे क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा. दुसऱ्या लेखात नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत गौतमीपुत्र भिक्षूंना देऊन टाकतो. जमीनही फिरवली, नाणीही.

ठोकलेली छाप क्रम सांगते, साल नाही. नहपानाच्या काळातल्या लेखांत 41 ते 46 अशी वर्षं येतात. ती शकाची धरली तर शेवटचं वर्ष साधारण इ.स. 124 येतं, त्याच्या स्वतःच्या राज्याची धरली तर सगळंच पन्नासेक वर्षांनी सुद्धा मागे जाऊ शकतं. अभ्यासकांचं भांडण त्यावर आहे, नाकावर नाही.