झाडीपट्टीच्या तलावांवर बदकं का उतरतात

दिवाळी सरते, भारी धानाची कापणी लागते, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, कापलेल्या ताटांच्या कडपा पसरलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाच्या तलावांवर पाहुणी बदकं दिसू लागतात. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात दुर्बिणी घेतलेली माणसं पहाटेच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन उभी राहतात. ही पाखरं हिमालयापलीकडून येतात, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ती नेमकी याच तलावांवर का थांबतात, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर शोधायला दोन-तीनशे वर्षं मागं जावं लागतं.

विदर्भाला समुद्र नाही. मोठं नैसर्गिक सरोवर म्हणावं तर बुलडाण्याचं लोणार, आणि त्याचं पाणी खारं. पूर्वेकडे मात्र भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरून साडेसहा हजारांवर जुने तलाव आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक माणसानं बांधलेला आहे. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून, तलाव बांधून जो जमीन भिजवील त्याला ती जमीन कसायला मिळे. त्या आधारावर कोहळी समाजानं गावोगावी तलाव उभे केले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

या तलावांची घडण नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. कोहळ्यांनी खड्डा खणला नाही. जमिनीचा उतार हेरला, पावसाचं पाणी जिथून वाहून जातं तिथं मातीची पाळ घातली, जादा पाण्यासाठी सलंग ठेवला आणि शेतांकडे पाट काढले. बाकीच्या बाजू मोकळ्याच. त्यामुळे पाळीजवळ पाणी खोल असतं आणि वरच्या अंगाला ते पातळ होत होत गुडघाभर, मग घोटाभर होतं, आणि शेवटी नुसतं ओलं गवत उरतं. शेतकऱ्याला धान पिकवायचं होतं, पाखरांचा विचार त्याच्या मनात नसेलही. पण या उथळ काठासारखी जागा बदकांना दुसरी नाही.

गेल्या नोव्हेंबरात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान तलावावर मी सूर्य उगवायच्या आधी बसलो होतो. धुकं विरलं तसे मधल्या पाण्यात वारकरी नावाचे काळे पाणपक्षी दिसले, पांढरं कपाळ हलवत पोहणारे. काठाकडे वीसेक तलवार बदकं. डोकी पाण्यात, टोकदार शेपट्या आभाळाकडे, आणि मधूनच पायांनी तोल सावरणं. हे बदक सहसा बुडी मारत नाही. मान पोचेल तेवढ्या खोलीवरचंच बी आणि कंद ते खातं, म्हणजे फार तर हातभर पाण्यातलं. चक्रांग या लहान बदकाचं तर त्याहूनही कमी. पट्टकादंब हा हंस हिमालय ओलांडताना सहा हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे, पण इथं उतरल्यावर त्याला हवं असतं ते काठाचं हिरवं गवत आणि झोपायला उघडं पाणी. हिवाळाभर पाणी ओसरत जातं तसा रोज नवा चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, चिखल्या धावू लागतात.

तलाव बांधला कोहळ्यांनी, पण त्यातलं जीवन ओळखलं ते मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी. मुरेल मासळी कुठं घरटं करते, शिंगी कोणत्या गवतात लपते, शिंगाडा कुठं लावायचा, हे ज्ञान त्यांचं. माझ्या मते या भागाच्या पक्षी-इतिहासात त्यांना पहिल्या ओळीत जागा मिळायला हवी होती आणि ती मिळाली नाही.

मोठा बदल १९५१ मध्ये झाला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चं लघुरूप होऊन ते ‘मामा तलाव’ झाले. मालगुजारी जाणं न्याय्यच होतं. पण पाळ दुरुस्त करायला, गाळ काढायला गाव एकत्र येई ती रीतही हळूहळू मोडली. पुढं मासळीचं उत्पन्न वाढवण्यासाठी रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं, आणि त्यांच्यासोबत सायप्रिनस आणि गवत्याही आले. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. गाळ काढायला यंत्रं आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी तळ ताटासारखा सपाट आणि काठ उभा झाला. पाणी साठलं खरं, पण बदकाची मान पोचेल असा काठच उरला नाही.

उलट दिशेचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर मच्छीमारांनी केलं. त्यांनी आधी जुन्या माणसांकडून कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची याची माहिती गोळा केली. मग बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला, आणि पाणी भरल्यावर हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कुमुद अशा देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. बायका यात पुढं होत्या. स्थानिक मासे परतले आणि त्यांच्या मागोमाग पाखरंही.

सरकारी पातळीवर नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी इथल्या पाखरांची लोकनावं टिपून ठेवली, हे मोठं ऋण आहे. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा, सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा. राज्य शासनानं २०२० पासून पक्षी सप्ताह पाळायला सुरुवात केली ती याच दोन तारखांच्या मध्ये. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले.

सारसाची गोष्ट थोडी वेगळी. तो पाहुणा नाही, बारमाही इथलाच. महाराष्ट्रात तो आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे आणि अलीकडच्या गणनांमध्ये आकडा चाळिशीच्या आसपास किंवा त्याखालीच राहिला. घरटं तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ काठावर करतो, अंडी बहुधा दोनच. कीटकनाशकं आणि विजेच्या तारा त्याच्या जिवावर उठल्या. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन याचिका दाखल करून घेतली. गोंदियाची ‘सेवा’ संस्था त्याआधीपासून शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांची राखण करत आली आहे.

नोव्हेंबरात पिल्लू घेऊन फिरणारी सारस जोडी कापलेल्या बांधीत सांडलेला धान वेचताना दिसते. पलीकडच्या तलावात तेव्हा उत्तरेकडून आलेली बदकं डोकी खाली घालून तेच करत असतात.