अतिमानुष प्रणयरहस्यकथा

अतिमानुष प्रणयरहस्यकथा : प्रेम, रहस्य आणि अतिमानुष ही तिन्ही सूत्रे एकाच गाठीत बांधलेली असतात असा लोकप्रिय कादंबरीचा प्रकार. इंग्रजीत ‘पॅरानॉर्मल रोमँटिक सस्पेन्स’ या नावाने तो ओळखला जातो. नायक बहुधा रक्तपिशाच, नरवृक (लांडग्याचे रूप घेणारा माणूस) किंवा शापित पुरुष असतो. नायिका दुसऱ्याचे मन वाचणारी, मृतांशी बोलणारी किंवा निदान रूढ सौंदर्याच्या चौकटीत न बसणारी असते. खुनाचा किंवा गुपिताचा उलगडा आणि दोघांचे मीलन साधारण एकाच टप्प्यावर होते. शेवट सुखाचा हवा हा प्रेमकथेचा दंडक इथेही पाळला जातो. भयकथेपासून हा प्रकार वेगळा पडतो तो मुख्यतः यामुळेच.

‘व्हँपायर’साठी मराठीत ‘रक्तपिशाच’ हा शब्द रूढ आहे आणि तोच योग्य. ‘वेताळ’ हा प्रतिशब्द मात्र टाळावा. रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर ‘विक्रम अँड द व्हँपायर’ या नावाने प्रसिद्ध केले आणि त्यातून घोटाळा वाढला. कथेतला वेताळ प्रेतात वस्ती करतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. रक्त पिणे हे त्याचे लक्षण नव्हे. कोकण-गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे.

उगम : या प्रकाराचे मूळ कुठे धरावे याबद्दल एकमत नाही. एक मत ते परीकथेत शोधते. मादाम द व्हिलनव्ह यांची ‘सुंदरी आणि पशू’ ही फ्रेंच कथा १७४० ची. आज परिचित असलेले तिचे आटोपशीर रूप मादाम द बोमाँ यांनी १७५६ मध्ये दिले. पण त्या कथेत पशूचा शेवटी राजपुत्र होतो, म्हणजे अतिमानुष संपल्यावरच संसार सुरू होतो. आधुनिक प्रकारात नायक बहुधा आहे तसाच राहतो आणि नायिका त्याला तसाच पत्करते. हा फरक किरकोळ मानता येत नाही.

दुसरे मत जॉन पॉलिडोरी याच्या ‘द व्हँपायर’ या कथेकडे बोट दाखवते. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या मुक्कामी रंगलेल्या भुताच्या गोष्टींतून ती निघाली आणि एप्रिल १८१९ मध्ये चक्क बायरनच्याच नावाने छापली गेली. तिच्यातील रक्तपिशाच लॉर्ड रुथव्हेनचे नावही उसने आहे : कॅरोलाइन लँब यांच्या ‘ग्लेनार्व्हन’ (१८१६) या कादंबरीत बायरनवर बेतलेल्या पात्राला ते आधीच दिलेले होते. उमराव, देखणा, थंड नजरेचा रक्तपिशाच इथून पुढे रुळला हे खरे. मात्र रुथव्हेन प्रेम करत नाही. तो मित्राच्या बहिणीशी लग्न लावतो आणि तिचा बळी घेतो.

तिसरे मत गॉथिक कादंबरीचे (जुने वाडे, गुपिते आणि भय यांवर उभ्या असलेल्या कथांचे) आहे आणि त्याची बाजू अधिक भक्कम दिसते. हॉरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ने (१७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध; पहिल्या आवृत्तीवर १७६५) पडका किल्ला आणि भयग्रस्त तरुणी ही जोडी दिली. ॲन रॅडक्लिफ यांनी रहस्य ताणण्याचे तंत्र घडवले. त्यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’त (१७९४) नायिका एमिली एका दालनातला काळा पडदा बाजूला सारते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले हे वाचकाला कळते ते चार खंडांची कादंबरी संपत आल्यावर : तो किडे पडलेल्या प्रेताचा मेणाचा पुतळा होता. रॅडक्लिफ यांचे अद्भुत असे शेवटी उकलते. शिवाय त्यांच्याकडे प्रियकर एक आणि संशयित दुसराच असतो.

या दोन्ही भूमिका एकाच माणसात आल्या त्या शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७). वाड्याचा मालक रोचेस्टर देखणा नाही, त्याच्या घरी शिकवायला आलेली जेनही रूपवान नाही. दोघे तसे एकमेकांना तोंडावर सांगतात. रात्री माळ्यावरून हसू ऐकू येते, अंथरुणाला आग लागते, आणि जिच्यावर संशय घ्यावा असे भासवले जाते ती नोकराणी गुन्हेगार नसते. मध्यरात्री खोलीत शिरलेल्या बाईचे वर्णन करताना जेन ‘व्हँपायर’ हाच शब्द वापरते. त्या गूढाचा उलगडा होतो. पण पुढे मैलोन्‌मैल दूर असताना रोचेस्टरची हाक जेनला ऐकू येते, आणि त्याने त्याच रात्री तशी हाक मारली होती हे नंतर कळते. त्या हाकेचे लौकिक स्पष्टीकरण ब्राँटी देत नाही. प्रेम, संशय, न उकललेले अतिमानुष आणि रूढीबाहेरची जोडी हे सारे घटक इथे प्रथम एकत्र दिसतात. म्हणून सुरुवात याच सुमारास मानणे सयुक्तिक वाटते.

विसावे शतक : डॅफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रेबेका’ (१९३८) आणि व्हिक्टोरिया होल्ट यांची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ (१९६०) यांच्यानंतर अमेरिकेत स्वस्त गॉथिक पुस्तकांची लाट आली. मुखपृष्ठ ठरलेले : रात्रीच्या पोशाखात पळणारी तरुणी, मागे वाडा, वाड्यात एकच उजळलेली खिडकी. जोआना रस यांनी १९७३ मधल्या लेखाला दिलेले शीर्षक या कथांचे मर्म सांगून जाते : कोणीतरी मला मारायला टपले आहे आणि तो माझा नवराच असावा.

‘डार्क शॅडोज’ (१९६६–७१) ही दूरचित्रवाणी मालिकाही अशाच वाड्यावर येणाऱ्या गव्हर्नेसपासून (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेपासून) सुरू झाली. १९६७ मध्ये थोड्या भागांपुरता आणलेला बार्नाबस हा रक्तपिशाच प्रेक्षकांना इतका आवडला की तोच मध्यवर्ती पात्र बनला. खलनायकाचा नायक होण्याची वाट इथे मोकळी झाली असे म्हणता येईल.

लॉरेल हॅमिल्टन (‘गिल्टी प्लेझर्स’, १९९३) व क्रिस्टिन फीहन (‘डार्क प्रिन्स’, १९९९) यांच्यानंतर हा प्रकार स्थिरावला. शार्लेन हॅरिस यांच्या ‘डेड अन्टिल डार्क’ची (२००१) नायिका सूकी ही लुइझियानातल्या लहान गावातली वाढपीण आहे. समोरच्याच्या मनातले सगळे तिला ऐकू येते, त्यामुळे कोणाबरोबर चार घटका बसणेही नकोसे होते. रक्तपिशाच बिलचे मन तिला ऐकू येत नाही. तिच्या प्रेमाची सुरुवात या शांततेपासून होते. गावातल्या बायकांचे खून करणारा मात्र माणूसच निघतो.

मराठीत : नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’च्या (१८६८ च्या सुमारास) प्रस्तावनेतला मुद्दा इथे लागू पडतो. आपल्या विवाहाच्या चालीमुळे रोजच्या जगण्यात रंजक काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण त्या अद्भुतरम्य परंपरेतला नायक स्वतः संशयास्पद नसतो. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे; त्यामुळे तिथे रक्तपिशाच आला तो भयासाठी, प्रेमासाठी नव्हे. पुणे व कोकणात घडणाऱ्या ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटात पिंपळावरच्या मुंजाला लग्न हवे असते, पण नायकपद ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या भित्र्या बिट्टूकडे जाते.