समासातली नोंद

१९६१ साली आयर्लंडमध्ये जनगणना झाली, तेव्हा ‘कोणताही धर्म नाही’ या सदरात जेमतेम अकराशे माणसं निघाली. देशाची लोकसंख्या होती अठ्ठावीस लाखांवर. २०२२ मध्ये हाच आकडा सात लाख छत्तीस हजारांवर गेला. ‘धर्म नाही’ म्हणणारा प्रत्येक जण नास्तिक असतोच असं नाही, हे खरं. पण १९६१ मध्ये त्या अख्ख्या देशात देव न मानणारे फक्त अकराशेच होते, यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. जनगणनेचा फॉर्म दर घरामागे एक. वडील टेबलाशी बसून तो भरताहेत, धर्माच्या रकान्यात प्रत्येकाच्या नावापुढे ‘कॅथलिक’ हा एकच शब्द उतरवत खाली येताहेत, आणि समोर बसलेला विशीतला मुलगा चहा ढवळत गप्प आहे. असं किती घरांत झालं असेल, ते कोणत्याच रकान्यात सापडणार नाही.

तो मुलगा गप्प का बसतो, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं. एरवी अशा विषयात इन्क्विझिशन म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारी चर्चची न्यायालयं, चिता आणि छळाच्या गोष्टी आधी निघतात. त्या घडल्या, पुढे येतीलच. पण माझ्या मते कॅथलिक समाजातला छुपा नास्तिक घडवला तो मुख्यतः हजेरीने आणि नोंदवहीने. श्रद्धा मोजता येत नाही. कोण आलं, कोण नाही, हे मात्र लिहून ठेवता येतं.

या हजेरीची सुरुवात १२१५ ची. पोप तिसरे इनोसंट यांनी भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की जाणत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करायचं आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. जो हे टाळेल त्याला जिवंतपणी चर्चमध्ये पाऊल ठेवता येणार नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन मिळणार नाही. वर्षातून एकदा, तेही आपल्याच धर्मगुरूकडे. गावात सगळे सगळ्यांना ओळखत असताना ‘मी दुसरीकडे जाऊन आलो’ ही सबब चालण्यासारखी नव्हती.

आणि त्या काळी सगळे मनापासून मानत होते, असंही समजू नये. १३१८ ते १३२५ या काळात दक्षिण फ्रान्समधल्या पामिए इथले बिशप झाक फूर्निए यांनी पाखंड शोधण्यासाठी डोंगरातल्या गावकऱ्यांच्या चौकश्या केल्या. हेच पुढे पोप बारावे बेनेडिक्ट झाले. त्या चौकश्यांच्या कागदांत मेल्यावर पुन्हा उठणं वगैरे काही नसतं, आत्मा म्हणजे नुसतं रक्त, असं सरळ म्हणणारे शेतकरी भेटतात. ग्रंथ वाचून बिघडलेली ही माणसं नव्हेत. मेंढी कापताना रक्त वाहून जातं आणि जीव जातो, हे रोज बघणाऱ्यांनी काढलेला तो निष्कर्ष होता.

पकड खरी आवळली ती सोळाव्या शतकात. ट्रेंट इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने १५४७ मध्ये ठामपणे सांगितलं की बाप्तिस्म्याने आत्म्यावर कधीही न पुसणारा ठसा उमटतो, म्हणून तो संस्कार दुसऱ्यांदा करता येत नाही. मग १५६३ मध्ये प्रत्येक धर्मगुरूला बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तर घरोघरची ‘आत्म्यांची यादी’ कशी करायची त्याचा नमुनाच आहे: कुटुंबागणिक नावं लिहायची, वयं लिहायची, आणि जो ख्रिस्तप्रसादाला पात्र ठरला त्याच्या नावासमोर समासात ‘सी’ हे अक्षर काढायचं. ज्याच्यापुढे ते अक्षर यायला हवं होतं पण आलं नाही, तो यादीत लगेच डोळ्यात भरणार.

न मानणाऱ्याची यात विचित्र कोंडी होते. पापनिवेदनाला गेलंच पाहिजे. तिथे खरं सांगावं, तर सोळाव्या शतकातल्या इटलीत धर्मगुरू म्हणायचा की पाखंडाची क्षमा माझ्या हातात नाही, आधी इन्क्विझिशनपुढे जाऊन ये. खोटं सांगावं, तर ते पाप. पण ज्याचा पापावरच विश्वास नाही त्याला त्याचं काय! म्हणून गुडघे टेकायचे, जाळीपलीकडच्या कानाला राग आला, प्रार्थना चुकली, शेजाऱ्याचा हेवा वाटला अशी दोन-चार किरकोळ पापं सांगायची आणि वर्षभरासाठी मोकळं व्हायचं. लपणं एवढं सोपं होतं. अवघड होतं ते बाहेर पडणं, कारण बाहेर पडायला दारच ठेवलेलं नव्हतं.

ज्यांचं बिंग फुटलं त्यांची गत भयंकर झाली. इटालियन विचारवंत वानिनी फ्रान्समधल्या तुलूझमध्ये दुसऱ्या नावाने राहत होता. १६१९ मध्ये त्याची जीभ कापली, गळा आवळला आणि प्रेत जाळलं. पोलंडचा काझिमिएश विश्चिंस्की याची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे. हा लिथुआनियाकडचा सरदार, तरुणपणी काही वर्षं जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडे शिकलेला. देवाचं अस्तित्व सिद्ध करणारा आल्श्टेड नावाच्या पंडिताचा एक लॅटिन ग्रंथ तो वाचत होता. त्यातले पुरावे त्याला इतके लंगडे वाटले की त्याने समासात लिहून टाकलं, ‘म्हणजे देव नाही.’ देव नसल्याबद्दलचं एक हस्तलिखितही त्याने गुपचूप तयार केलं होतं. त्याचा एक परिचित होता, ज्याने त्याच्याकडून कर्ज घेतलं होतं. फेडायची इच्छा नव्हती. त्या गृहस्थाने हे कागद बिशपांच्या हाती दिले. ३० मार्च १६८९ रोजी वॉर्सात विश्चिंस्कीचा शिरच्छेद झाला. समासातल्या तीन-चार शब्दांना आणि एका बुडवायच्या कर्जाला इतकी किंमत आली.

त्याच १६८९ साली, जानेवारीत, फ्रान्सच्या आर्देन भागातल्या एत्रेपिन्यी या खेड्यात झाँ मेलिए नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा धर्मगुरू रुजू झाला. छुप्या नास्तिकांच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा. चाळीस वर्षं त्याने त्या गावात मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासना, केल्या, पोरांना बाप्तिस्मा दिला, लग्नं लावली, मढी पुरली. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेपासून बाप्तिस्म्याच्या नोंदी धर्मगुरूच ठेवत. म्हणजे गावाची नोंदवहीही त्याच्याच हातात. एकदाच त्याचं वरच्यांशी वाजलं. गावचा जमीनदार शेतकऱ्यांना छळतो म्हणून त्याने प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला नकार दिला. आर्चबिशपांनी समज दिली. एरवी त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

१७२९ मध्ये तो वारला आणि मागे एकाच ग्रंथाच्या स्वहस्ते लिहिलेल्या तीन प्रती निघाल्या. प्रत्येकी साडेतीनशेहून जास्त पानं, बारीक अक्षरात. त्यात गावकऱ्यांची क्षमा मागितली होती: जे मी तुम्हाला शिकवलं त्यातलं काहीच मला पटत नव्हतं, देव नाही, आत्मा अमर नाही, आणि धर्म हा राजे-सरदारांनी गरिबांच्या मानेवर बसण्यासाठी वापरलेला डाव आहे. जिवंतपणी का बोललो नाही, हेही त्याने लपवलं नाही. शांतपणे मरायचं होतं, म्हणून. साडेतीनशे पानांचा ग्रंथ तीनदा हाताने उतरवायला किती रात्री लागल्या असतील! सकाळी उठून पुन्हा वेदीपुढे उभं राहायचंच होतं.

त्याच्या नशिबी पुढेही लपणंच आलं. १७६२ मध्ये फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने त्याच्या ग्रंथाचे उतारे छापले, पण असे बेतून की मेलिए नास्तिक न वाटता देव मानणारा पण चर्चला न मानणारा वाटावा. पूर्ण ग्रंथ छापून यायला १८६४ उजाडलं, तोही अॅमस्टरडॅममध्ये. खुद्द व्हॉल्तेअर नास्तिक नव्हता, पण त्यालाही फर्नी या गावी ईस्टरचा ख्रिस्तप्रसाद घेऊन दाखवावा लागला होता, आणि १७७८ मध्ये तो वारला तेव्हा पॅरिसमध्ये दफन नाकारल्यामुळे भाच्याने त्याचा देह गुपचूप शाँपेनमधल्या एका मठात नेऊन पुरला. मेलिएला हे सगळं आधीच ठाऊक होतं म्हणायचं.

खरा बदल तत्त्वज्ञांनी केला नाही, कारकुनांनी केला. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी धर्मगुरूंच्या हातून काढून नगरपालिकेकडे दिल्या. त्या दिवसापासून धर्मगुरूचं तोंड न बघता माणसाला कायद्याने जन्मता, लग्न करता आणि मरता येऊ लागलं. पुस्तकं जप्त करता येतात, पण नगरपालिकेच्या दप्तरात नाव चढलं की माणूस चर्चच्या बाहेरही अस्तित्वात असतो.

उलटा प्रवास बघायचा तर स्पेनकडे बघावं. प्रजासत्ताकाने १९३२ मध्ये आणलेला नागरी विवाहाचा कायदा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९३८ मध्ये रद्द केला. १९४१ च्या आदेशानुसार नागरी पद्धतीने लग्न करायचं तर आपण कॅथलिक नाही याचा कागदोपत्री पुरावा द्यायचा. तो नसेल तर आपला बाप्तिस्माच झालेला नाही असं शपथेवर लिहून द्यायचं. आता स्पेनमध्ये तान्हेपणी बाप्तिस्मा कुणाचा होत नसे? मग नास्तिक जोडपं चर्चमध्ये जाऊन, डोकं झुकवून, लग्न लावून यायचं. हुकूमशाही गेल्यावर, १९७८ च्या राज्यघटनेनंतर, ही अट सुटली.

आयर्लंडमध्ये असा हुकूम काढावाच लागला नाही. तिथे इंग्रजी सत्तेखाली कॅथलिक असणं हीच आयरिश असण्याची खूण झाली होती. १८४० च्या दशकातल्या दुष्काळानंतर कार्डिनल पॉल कलन यांच्या काळात मिस्सेची शिस्त घट्ट झाली, शाळा चर्चच्या हाती गेल्या. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला तोवर न मानणं म्हणजे धर्मद्रोहाइतकाच देशद्रोह, असं समीकरण बसलेलं होतं. १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलं. ते १९७२ च्या सार्वमताने गेलं. राष्ट्राध्यक्ष पद घेताना सर्वशक्तिमान देवाच्या साक्षीनेच शपथ घेतो, आणि दुसरा पर्याय राज्यघटनेत दिलेला नाही. म्हणजे नास्तिक राष्ट्राध्यक्ष निवडून आला तर त्याचं पहिलंच वाक्य खोटं.

वरून बहिष्काराची धास्ती. १९५७ मध्ये फेदर्ड-ऑन-सी या गावात एका प्रॉटेस्टंट बाईने आपल्या मुलींना कॅथलिक शाळेत घालायला नकार दिला आणि ती मुलींना घेऊन निघून गेली, तेव्हा गावातल्या कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांच्या दुकानांकडे पाठ फिरवली. तिला निदान दुसरं चर्च तरी होतं. काहीच न मानणाऱ्याच्या मागे कोण उभं राहणार?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून जास्त कॅथलिक दर आठवड्याला मिस्सेला जात होते. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आले, तेव्हा डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त लोक लोटले. देश चौतीस लाखांचा. पण या गर्दीतही खुणा होत्या. खेड्यातल्या चर्चमध्ये मागच्या दाराशी पुरुषांचा एक घोळका असायचा, टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर एकच गुडघा टेकलेला, प्रसाद वाटून होताच बाहेर पडणारा. त्यातले काही आळशी, काही आदल्या रात्रीचे जागलेले, आणि काही आमचे. कोण कोणता ते बाहेरून ओळखू येत नसे, आणि त्या कोपऱ्याची सोय तीच होती.

घरात मात्र तो कोपरा नव्हता. सरकारी रेडिओवर १९५० पासून, आणि टीव्ही आल्यावर त्याच्यावरही, संध्याकाळी सहा वाजता अँजेलस या कॅथलिक प्रार्थनेची घंटा वाजते. तीन ठोके, थोडा विराम, पुन्हा तीन, पुन्हा तीन, मग नऊ. मिनिटभराचा प्रकार. आई हातातलं काम थांबवून ओठ हलवते. मुलाने काय करावं? उठून गेला तर प्रश्न येणार, ओठ हलवले तर खोटं. तो भिंतीकडे बघत अठरा ठोके मोजतो.

नंतरचं बरंचसं परिचित आहे. लहान मुलांच्या छळाची प्रकरणं बाहेर आली, २००९ मध्ये एकापाठोपाठ दोन चौकशी अहवाल आले आणि चर्चचा दरारा ओसरला. पण शाळा चर्चकडेच राहिल्या. प्राथमिक शाळांपैकी दहात नऊ. जागा कमी असेल तर शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी घेऊ शकत असे, म्हणून स्वतः न मानणारे आईबाप बाळाला पांढरं झबलं घालून चर्चमध्ये नेत राहिले. ही सूट २०१८ च्या कायद्याने काढली. शिक्षकांची अडचण आणखी नाजूक. सात-आठ वर्षांच्या मुलांची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी वर्गातच होते, आणि ती करून घेते वर्गाची बाई. संस्थेच्या धार्मिक वळणाला बाध येतो म्हणून कर्मचाऱ्यावर कारवाई करायची जी मोकळीक १९९८ च्या कायद्यात होती, ती २०१५ मध्ये बरीच आवळली गेली. तरी प्रार्थना शिकवायची वेळ टळत नाही. फळ्यापुढे उभी असलेली ती बाई मेलिएची नातेवाईकच म्हणायची.

आता माणसं उघडपणे बोलतात, निदान शहरांत. २०२२ च्या जनगणनेत प्रश्नच ‘असल्यास, तुमचा धर्म कोणता?’ असा बदलला आणि ‘धर्म नाही’ हा पर्याय सर्वात वर आला. नोंदवही मात्र जागची हललेली नाही. चर्च औपचारिकपणे सोडण्याची जी तरतूद १९८३ च्या चर्चच्या कायद्यात होती, ती पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्येच काढून टाकली. बाप्तिस्म्याच्या वहीतून नाव खोडा अशी मागणी घेऊन लोक माहिती-संरक्षण कायद्याचा आधार घेऊ लागले. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये चर्चच्या बाजूने कौल दिला, आयर्लंडच्या नियामकाने २०२३ मध्ये डब्लिनच्या आर्चबिशपांची बाजू मान्य केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या नियामकाने उलट निकाल दिला, की गेंटच्या बिशपांनी तक्रार करणाऱ्या माणसाची नोंद पुसावी. बिशपांनी अपील केलं. त्यांचं म्हणणं, खोडता येणार नाही, बाप्तिस्मा ही घडून गेलेली गोष्ट आहे. फार तर नावासमोर, समासात, या माणसाला आता आमच्यात राहायचं नाही, एवढं लिहून ठेवतो.