इंजिन चालू, काम बंद

बांधकामावर पोकलेन भाड्याने घेतले की हिशोब बहुधा तासांवर होतो आणि ते तास यंत्रातला अवर मीटर सांगतो. मात्र हा मीटर इंजिन किती वेळ चालले एवढेच मोजतो. त्या वेळात बकेट माती उचलत होती की यंत्र नुसतेच घरघरत उभे होते, हे त्याला कळत नाही. सर्व्हिसिंगचे वेळापत्रकही याच तासांवर ठरत असल्यामुळे रिकाम्या घरघरीचा भुर्दंड डिझेलपुरता राहत नाही.

हा फरक टेलिमॅटिक्समुळे कळू लागला. यंत्रातील संगणक इंजिनाचे फेरे, इंधनाचा वापर आणि बकेट हलवण्यासाठी तेलाचा जोर पुरवणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचा दाब यांची सतत नोंद घेत असतात. टेलिमॅटिक्सची पेटी या नोंदी वाचून त्यांना जीपीएसने मिळालेले ठिकाण जोडते आणि मोबाइल किंवा उपग्रहामार्फत कार्यालयाकडे पाठवते. इंजिन चालू असूनही पंपावर भार नसेल, तर ती वेळ ‘आयडल’ धरली जाते. जपानच्या कोमात्सु कंपनीने 2001 पासून कोमट्रॅक्स ही अशी प्रणाली आपल्या यंत्रांत मुळातच बसवून द्यायला सुरुवात केली. त्याआधी तिकडे चोरलेल्या यंत्रांनी एटीएम उखडून नेण्याचे प्रकार घडत होते, आणि यंत्र कुठे आहे हे कळावे ही निकड त्या कल्पनेमागे होती.

आकडे हाती आले की पहिला संशय ऑपरेटरवर जातो, आणि तो अनेकदा अन्यायाचा असतो. समजा, पोकलेनला एक डंपर भरायला 5 मिनिटे लागतात आणि भरून, माती टाकून परत येईपर्यंत डंपरची पूर्ण फेरी 40 मिनिटांची होते. पोकलेन सतत कामात ठेवायचे तर 8 डंपर हवेत. कंत्राटदाराने 5 लावले, तर दर 40 मिनिटांतली 15 मिनिटे पोकलेन डंपरची वाट पाहणार, मग ऑपरेटर कितीही कुशल असो. उलट 10 लावले, तर डंपरांचीच रांग लागेल. फेरीची वेळ रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे बदलत असल्यामुळे हे गणित एकदा मांडून भागत नाही. जीपीएसच्या नोंदींचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

डिझेलचोरीच्या बाबतीतही असाच सावधपणा लागतो. इंजिन बंद असताना टाकीतील पातळी एकदम घसरली तर प्रणाली इशारा देते. पण यंत्र उतारावर उभे असेल, तर इंधन टाकीच्या एका बाजूला सरकते आणि तरंगता फ्लोट चुकीची पातळी दाखवतो. म्हणून यंत्र सपाटीवर आल्यानंतरची नोंद पाहिल्याशिवाय कुणाला जाब विचारू नये.

साइटवर एकाच कंपनीची यंत्रे क्वचितच असतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची माहिती एकाच पडद्यावर दिसावी, यासाठी आयएसओ 15143-3 हे मानक आहे. ज्या जुन्या यंत्रांत संगणकच नाही, त्यांना कंपन ओळखणारा छोटा सेन्सर चिकटवतात. त्यावरून इंजिन कधी चालू होते ते कळते, आणि कंपनाच्या चढउतारावरून भाराचा ढोबळ अंदाजही बांधता येतो.