किल्ला लढवला म्हणजे जिंकला नव्हे

सोलापूरच्या भुईकोटात रविवारी फिरताना एक काका नातवाला सांगत होते, "मे १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला लढवला आणि घेतला." घेतला, हे खरं. पण लढवला तो आत असलेल्या पेशव्यांच्या शिबंदीने. इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने वेढा दिला.

'किल्ला लढवणे' म्हणजे किल्ल्यावर चाल करणे, हा समज फार जुना. अर्थ नेमका उलटा आहे. 'लढणे'चं प्रयोजक रूप 'लढवणे'. किल्ल्याला लढायला लावायचं, लढता ठेवायचं. आणि ते आत असलेल्यालाच जमतं. तटाच्या जंग्यांपाशी, म्हणजे आतून मारा करण्यासाठी ठेवलेल्या फटींपाशी, उभं राहून बघा. आतून रुंद, बाहेरून चिंचोळी फट. शिवाय दुहेरी तट, तीन बाजूंना खंदक, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. एवढी सगळी तयारी लढवणाऱ्याची.

म्हणून मुरारबाजींनी १६६५ मध्ये पुरंदर लढवला. तानाजींनी १६७० मध्ये कोंढाणा 'लढवला' असं कोणी म्हणत नाही. तो घेतला, सर केला. बाजीप्रभूंनी १६६० मध्ये खिंड लढवली, म्हणजे अडवून धरली. सहा गडी बाद झाल्यावर एकच फलंदाज टिकून राहिला की 'एकाकी किल्ला लढवला' म्हणतात, तेही यातूनच.

घोळ बहुधा निवडणुकीने घातला. ती आमदारही लढवतो आणि त्याला पाडायला निघालेलाही. खटल्याचं तेच. शक्कल लढवण्यात तर समोर कोणी लागतच नाही! पण कर्म किल्ला, गड, बुरूज किंवा खिंड असेल, तर लढवणारा आतला.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग इंग्रजांनी काय केलं म्हणायचं?" जिंकला म्हणा की, काका.