ऑइलचा स्विच की ऑइलचा सेंडर?

जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलं. पहिल्याच सेल्फला चालू झालं, डॅशवरचा ऑइलचा काटा सटकन शेवटाला गेला आणि तिथंच बसला. 'प्रेशर झकास!' म्हणून मालक खूश. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आलो, तरी काटा तसूभर हलला नाही. तेव्हा पाल चुकचुकली. इंजिन तापून आयडलिंगला आलं की ऑइलचं प्रेशर उतरतंच. न उतरणारा काटा थापा मारत असतो. इंजिनावर होता स्विच, म्हणजे फक्त लाल दिवा लावणारा-विझवणारा; मीटरला हवा होता सेंडर, म्हणजे प्रेशर किती ते काट्याला कळवणारा. वायर मीच जोडलेली, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार?

गॅरेजात दोन्हींना 'ऑइलचा सेन्सर'च म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ऑइलच्या वाटेवर आट्यांनी बसतात, बहुतेकदा वायर एकच आणि अर्थिंग स्वतःच्या बॉडीतून. स्विचचं काम दिव्याच्या बटणासारखं. इंजिन बंद असताना तो वायर अर्थला धरून ठेवतो, म्हणून चावी फिरवली की लाल दिवा लागतो. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) वर गेलं की संपर्क तुटतो, दिवा विझतो. पुढे प्रेशर १ बार आहे की ५, त्याचं त्याला सोयरसुतक नाही.

सेंडर दिसायला जाड, डबीसारखा. प्रेशरप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो. व्हीडीओ (मीटर बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीच्या सेंडरला शून्य प्रेशरला सुमारे १० ओहम, पूर्ण प्रेशरला सुमारे १८०. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी: शून्याला २४०, पूर्णला ३३. म्हणजे आटे जुळले म्हणून मीटरशी जोडी जुळली असं होत नाही.

आमच्या जीपचं मीटर व्हीडीओ पद्धतीचं. स्विच उघडल्यावर त्याला अमाप रेझिस्टन्स दिसला, म्हणून काटा थेट टोकाला. वायर तुटली असती तरी हेच दिसलं असतं! उलट चूक केली, म्हणजे सेंडरची वायर दिव्याला दिली, तर दिवा पूर्ण विझत नाही, मिणमिणत राहतो.

ओळखायला मल्टिमीटर पुरे. इंजिन बंद ठेवा, वायर काढा, टर्मिनल आणि बॉडीमध्ये ओहम मोजा. शून्याजवळ आलं तर स्विच. १० किंवा २४० च्या आसपास आलं तर सेंडर. तीन वायरींचा निघाला तर तो तिसराच प्रकार. त्याला बहुधा ५ व्होल्ट लागतात, थेट बॅटरीचे १२ देऊ नका.

इंजिन बदलताना हमखास विसरतो ती अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चासीशी धातूची जोडणी आपोआप होत नाही. त्यात आट्यांवर टेफलॉन टेप गच्च गुंडाळली की अर्थ आणखी कच्चा. कच्च्या अर्थचा रेझिस्टन्स सेंडरच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो आणि व्हीडीओ पद्धतीत काटा खऱ्यापेक्षा जास्त प्रेशर दाखवतो. ऑइल कमी पडत असताना मीटर सगळं आलबेल सांगतं! अमेरिकन पद्धतीत निदान तो कमी तरी दाखवतो, माणूस घाबरून गाडी थांबवतो.

मीटर बसवलं की लाल दिवा काढून टाकणारे भेटतात. मला ते पटत नाही. घाटात वळण घेताना कुणी काट्याकडे बघत नाही, दिवा मात्र नजरेत भरतो. काही सेंडरमध्ये दोन्ही असतं: 'जी' टर्मिनल मीटरला, 'डब्ल्यूके' दिव्याला. आमच्याकडे तसा नव्हता, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) लावून स्विच आणि सेंडर दोन्ही घेतले. जड सेंडर पितळी टीवर लोंबकळत ठेवला नाही, व्हायब्रेशनने टी तडकते. टीपासून होज (लवचीक नळी) नेऊन तो गाडीच्या बॉडीवर बसवला आणि त्याला वेगळी अर्थची वायर दिली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, "अहो, सिग्नलला थांबलो की काटा खाली येतोय. काय बिघडलं?"