नोस्फेराटूमधला मॅक्स श्रेक खरा व्हॅम्पायर नव्हता

नोस्फेराटू या जुन्या जर्मन मूकपटाचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, त्यात रक्तपिपासू काउंट ऑरलॉक झालेला नट मॅक्स श्रेक खराच व्हॅम्पायर होता, नाहीतर ते नाव तरी खोटं, कारण जर्मनमधे श्रेक म्हणजे भीती. दोन्ही चूक. हे त्याचं खरं आडनाव, जन्म १८७९ चा बर्लिनचा, मुळात नाटकवाला माणूस, नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टकडे काम केलेला, नंतर म्युनिकच्या रंगभूमीवर, आणि १९२२ च्या या पिक्चरनंतरही १९३६ मधे जाईपर्यंत तो कामं करतच होता. २००० साली याच अफवेवर एक इंग्रजी पिक्चर आला, त्यात ती अजून पसरली.

मला वाईट याचं वाटतं की यात पिक्चर बनवणाऱ्या लोकांची कला झाकली जाते. ते टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं, हे रूप पिक्चरचे सेट आणि वेश ठरवणाऱ्या आल्बिन ग्राउने चितारलेलं. आणि दिग्दर्शक मुर्नाउचा तो जिन्याचा शॉट बघा, माणूस दिसतच नाही, नुसती सावली वर चढते, दाराशी बोटं लांब लांब होत जातात, मग त्याच हाताची सावली नायिका एलेनच्या छातीवर येऊन मूठ आवळते आणि ती कळवळते. आवाज नाही, रक्त नाही, फक्त दिवा आणि भिंत.